धुरा पेटवला सकाळी, गंजी गेली दुपारी

होळी होऊन पंधरा दिवस झाले नाहीत तर या महिन्याच्या पत्रांत निम्म्याहून जास्त पत्रं आगीचीच आहेत. कोणाची गंजी गेली, कोणाचा गोठा, कोणाच्या गावामागचा डोंगर सलग तीन रात्री जळत होता. म्हणून या वेळी लोणच्याचे, गाईच्या दुधाचे, बाकी सगळे प्रश्न बाजूला ठेवले, ते पुढच्या अंकात नक्की घेते.

ताई, मागच्या आठवड्यात सकाळी सात वाजता धुऱ्यावरचं (बांधावरचं) गवत अन् काट्या पेटवल्या. हवा बिलकुल नव्हती. नऊपर्यंत सगळं विझलं, मी सोता पाहून घरी आलो. दीड वाजता बोंब झाली, शेजाऱ्याची कुटाराची (भुशाच्या चाऱ्याची) गंजी पेटली. मधात अख्खं एक वावर आहे. माझी आग गेली असंल का उन्हानं पेटली? लोक त्याच्या सालदारावर संशय घेऊन राहिले. शेजाऱ्याला सांगू का नको? — एक शेतकरी, आर्वी तालुका

भाऊ, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. उन्हानं नाही पेटली, हे आधी सांगून टाकते, कारण आपल्याकडे लय लोक असंच धरून चालतात. वाळलं गवत पेटायला २५०-३०० डिग्रीची आच लागते. मे महिन्यात भर दुपारी काळ्या वावराची माती ६० च्या वर जाते, अनवाणी पाय ठेववत नाही, तरी पेटण्यापासून ती कितीतरी लांब असते. ऊन फक्त वाळवून ठेवतं, ठिणगी जवळजवळ नेहमी माणसाकडूनच येते, मग ती बिडी असो, चूल असो, तार असो, नाहीतर धुरा.

आणि सकाळी हवा नव्हती, तिथंच तुम्ही फसलात. रात्री जमीन थंड होते, तिला लागून असलेली हवा पण थंड होऊन जड होते आणि खाली बसून राहते. वरती शे-दोनशे मीटरवर वारा वाहतच असतो पण तो या खालच्या थंड हवेत उतरत नाही, म्हणून पहाटे चुलीचा धूर गावावरच रेंगाळतो. नऊ-दहाला जमीन तापली की खालची हवा वर उसळते आणि वरची जोरातली हवा खाली येते. अकराला धूळ उडायला लागते, वावटळी फिरायला लागतात, दोन ते चार सगळ्यात जास्त जोर, दिवस मावळला की पुन्हा पान हलत नाही. मार्चपासून मेपर्यंत रोज हेच चालतं, तुम्ही आठ दिवस नुसतं बसून पाहा. त्यात हा वारा येतो पश्चिमेकडून नाहीतर वायव्येकडून, राजस्थानच्या वाळवंटाकडून, ओलावा त्यात नसतोच, दुपारी हवेतली आर्द्रता कित्येकदा २० टक्क्यांच्या खाली जाते. गवताची काडी एवढी बारीक की तासाभरात ती हवेइतकीच कोरडी होऊन जाते. म्हणजे सकाळी सातला जे गवत फुंकून फुंकून पेटवावं लागत होतं तेच गवत दीड वाजता एका ठिणगीत उठतं.

आमच्या घरचीच गोष्ट सांगते. मी नववीत होते. मोठ्या बाबांनी असाच सकाळी धुरा जाळला होता, विझला, त्यांनी चपलेनं राख दाबून पाहिली आणि घरी येऊन आंघोळ केली. त्या धुऱ्यावर बाभळीचं एक जुनं खुंट होतं, वरून सगळी पांढरी राख. दुपारी मी वावरात भाकर घेऊन चालले होते तर खुंटाच्या बुडातून उदबत्तीएवढा बारीक धूर निघत होता. मी तो पाहिला आणि मला काहीच वाटलं नाही, शेतात कुठं ना कुठं धूर असतोच. तेवढ्यात पलीकडच्या नांगरटीतून एक वावटळ आली, फार मोठी पण नाही, पुरुषभर उंचीची, ती त्या राखेवरून गेली. राख उडाली तसे खाली लालभडक निखारे उघडे पडले आणि बोराएवढ्या चिंगाऱ्या तिच्यासोबत गोल गोल वर जाताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिल्या. त्या जाऊन पडल्या शेजाऱ्यांच्या तुराट्यांच्या ढिगात. हातातला डबा खाली ठेवेपर्यंत ढीग धडधडायला लागला होता.

तर भाऊ, ज्वाळा गेली म्हणजे आग विझली असं नसतं. खुंट, झाडाची मुळं, शेणाच्या पो, जाड फांद्या, हे आतल्या आत कित्येक तास, कधी दोन-दोन दिवस धुमसत राहतात. माझं ऐकाल तर धुरा जाळूच नका, विळ्यानं कापा, काट्या कुंपणाला घ्या. पण मजूर मिळत नाही हेही मला माहीत आहे, म्हणून जाळायचाच असेल तर आदल्या दिवशी आजूबाजूनं वखराच्या दोन-तीन पाळ्या मारून माती उघडी करा, फवारणीचा पंप नुसत्या पाण्यानं भरून पाठीवर ठेवा, एकट्यानं करू नका, आणि सकाळी लवकर सुरू करून आठ-साडेआठपर्यंत सगळं आटपा. मग राखेवर पाणी टाका, फावड्यानं उलथून माती मिसळा, पुन्हा पाणी टाका. हाताची पालथी बाजू राखेजवळ न्या, थोडी जरी धग लागली तर ती जिवंत आहे. आणि एक वाजता पुन्हा वावरात चक्कर मारा, ही चक्कर कोणीच मारत नाही. शेजाऱ्याचं काय करायचं ते शेवटी बोलते, ते असं दोन ओळीत उरकण्यासारखं नाही.

उन्हाळी धान निघालं का तणस (धानाचा पेंढा) जाळल्याशिवाय वावर रिकामं होत नाही. सगळेच जाळतात. — लाखनी, जि. भंडारा

सगळे जाळतात म्हणून त्यातलं नुकसान कमी होत नाही, दादा. एक टन तणस जाळलं की साधारण साडेपाच किलो नत्र, दोन किलोच्या वर स्फुरद आणि २५ किलोच्या आसपास पालाश हातचं जातं, आणि जून आला की तेच आपण कृषी केंद्रातून पैसे मोजून आणतो. ढोरांना लागेल तेवढं ठेवा, बाकीचं बांधीत पसरून पहिल्या पावसानंतर चिखलणीत गाडा. हार्वेस्टरनं धान काढलं असेल तर खुंट उंच राहतात, तिथं रोटावेटर एकदा जास्त फिरवा. पराटीचंही, म्हणजे कापसाच्या वाळल्या झाडांचंही, असंच, श्रेडर भाड्यानं मिळत असेल तर बारीक करून वावरातच टाका. बोंडअळी असलेल्या पराटीचा ढीग घराला टेकून रचून ठेवायचा म्हणजे अळी पण सांभाळायची आणि घराजवळ सरपणाचा बॉम्ब पण ठेवायचा.

आमच्या चंद्रपूरला ४३ झालं तरी टीव्हीवाले उष्णतेची लाट म्हणत नाहीत अन् दुसरीकडं ४० ला म्हणतात, हे कसं काय? आणि नागपूरला ५६ डिग्री झालं होतं ते खरं का? — अकरावीतली एक विद्यार्थिनी, वरोरा

छान प्रश्न आहे बाळा. हवामान खातं दोन गोष्टी पाहतं. सपाट भागात आधी पारा किमान ४० ला पोचायला हवा आणि त्या जागेच्या त्या दिवसांच्या सरासरीपेक्षा तो साडेचार डिग्रीनं तरी जास्त हवा, तेव्हा लाट. चंद्रपूरची मे महिन्याची सरासरीच एवढी की ४३ म्हणजे नेहमीचा दिवस. मात्र ४५ झालं की सरासरी काहीही असो, लाटच, आणि ४७ झालं की तीव्र लाट. हा आकडा सावलीतला असतो बरं, पांढऱ्या जाळीदार लाकडी पेटीत, जमिनीपासून चार-पाच फुटांवर ठेवलेल्या थर्मामीटरचा. तुझी आई जिथं उन्हात कापूस नाहीतर मिरची वेचते तिथं अंगाला त्याच्या कितीतरी जास्त लागतं.

५६ खरं नाही. ३० मे २०२४ ला एका स्वयंचलित यंत्रानं तो आकडा दाखवला होता, सेन्सर बिघडला होता असं हवामान खात्यानंच नंतर सांगितलं. नागपूरचा खरा मोठा आकडा म्हणजे २३ मे २०१३ चा, ४७.९. आपल्याकडे एवढं तापतं कारण समुद्र दोन्हीकडून लांब, उंची कमी, आभाळ मोकळं आणि माती काळी, ती ऊन पिऊन घेते.

ताई, मी मोहफुलं वेचते. फॉरेस्टवाले म्हणतात झाडाखाली आग लावू नका. मग पाचोळ्यात फुलं दिसतील कशी? आम्ही काय जंगल जाळायला जातो का? अन् ते सोता तर दरवर्षी पट्टे जाळतात. — धानोरा तालुका, गडचिरोली

नाही काकू, तुम्ही जंगल जाळायला जात नाही, आणि जंगलाजवळ राहणाऱ्या बाईला सरसकट आग लावणारी ठरवणं मला बिलकुल पटत नाही. मोहाखाली मी पण बसले आहे, माझ्या मामाच्या गावी. पहाटे अंधारातच टप टप आवाज सुरू होतो, फिकट पिवळी, रसानं भरलेली फुलं, पाचोळ्यात पडली की शोधता शोधता कंबर मोडते, आणि ऊन चढायच्या आत वेचली नाही तर ती मऊ पडतात, ढोरं-हरणं येतात ती वेगळी. आगीनं जागा साफ होते, टोपली दोन तासांत भरते, म्हणून माणूस काडी लावतो.

पण ती आग झाडाखालच्या दहा हातांत थांबत नाही ना. सागाची पानं बघा, सुपाएवढी, फेब्रुवारी-मार्चपर्यंत सगळी खाली येऊन वाळून कुरकुरीत झालेली, त्यात रायमुनियाची (घाणेरीची) झुडपं आणि वाळलेलं बांबूचं बेट. त्या ढिगातून आग जमिनीलगत सरकत जाते आणि चढ लागला की पळते, दर दहा अंशाच्या चढाला तिचा वेग साधारण दुप्पट होतो, कारण ज्वाळा वरच्या अंगाचं गवत आधीच भाजून ठेवते. मोठं सागाचं झाड जाड सालीमुळं वाचतं म्हणून आपल्याला वाटतं काही झालं नाही, पण त्याच्या खालची बोटाएवढी रोपं, चारोळीची, धावड्याची, मोहाची सुद्धा, दरवर्षी जळतात. म्हातारे मोह उभे आहेत आणि त्यांच्याखाली कोवळा मोह एक नाही, हे तुमच्या जंगलात पण दिसत असेल. जमिनीवर अंडी घालणारे तित्तर, लावा, सरपटणारी कासवं, यांना तर पळायला जागाच नसते.

उपाय दोन आहेत, आणि दोन्ही बाया करतात तेच सांगते. खराट्यानं झाडाखालचा पाचोळा झाडून बाहेर गोल करून ठेवायचा, हंगामात दोन-तीनदा. किंवा जुन्या साड्या शिवून, नाहीतर हिरवी शेडनेट किंवा चवाळं झाडाखाली अंथरायचं, सकाळी चार कोपरे उचलले की फुलं टोपलीत, माती लागत नाही आणि व्यापारी भाव पण बरा देतो. तेंदूपत्त्याचंही तेच, नवा पाला यावा म्हणून आग लावतात पण झुडपं खुटकटाईनं, म्हणजे बुडातून छाटली तरी कोवळी पानं येतातच.

फॉरेस्टवाले जाळतात ती जाळरेषा. आगीचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून धरतात, त्याच्या आधी, हवा थंड असताना, दोन्ही बाजूनं माणसं उभी करून ते पट्टे जाळून ठेवतात, म्हणजे पुढं आग आली तर तिला तिथं खायला काही मिळत नाही. आता बऱ्याच ठिकाणी पाठीवरच्या ब्लोअरनं नुसता पाचोळा उडवून पण रेषा मोकळी करतात.

आणि एक गोष्ट सांगते, भीती घालायला नाही. १९२७ च्या वन कायद्याच्या कलम २६ नुसार राखीव जंगलात आग लावणं गुन्हा आहेच, पण मुद्दाम किंवा घोर निष्काळजीपणानं लागलेल्या आगीनंतर सरकार त्या जंगलातला चराईचा, वनोपजाचा हक्क पण काही काळ थांबवू शकतं, म्हणजे काडी एकाची आणि चूल अख्ख्या गावाची बंद. तुमच्याच तालुक्यातल्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, तेव्हापासून जंगलाचं काय करायचं ते ग्रामसभा बसून ठरवते. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावच्या ग्रामसभेनं तर तेंदूपत्ता तोडणंच बंद करायचं ठरवलं, छाटणीनं आणि आगीनं जंगल खराब होतं म्हणून, हातात येणारा पैसा सोडून. एवढं सगळ्यांना जमणार नाही, माझा तसा आग्रहही नाही. पण मोहाखाली आग नाही, हा एक ठराव ग्रामसभेत बायांनीच मांडावा असं मला फार वाटतं, कारण वेचायला जाता तुम्ही.

जंगलात कोणी नसताना फॉरेस्टवाल्यांच्या मोबाइलवर आगीचा मेसेज येतो म्हणे? — तिरोडा, जि. गोंदिया

हो, येतो. डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेकडून. उपग्रह दिवसातून काही वेळा आपल्यावरून जातात, आच पकडतात, कुठल्या बीटमध्ये, म्हणजे कुठल्या वनरक्षकाच्या हद्दीत आहे ते नकाशावर बसवून एसएमएस जातो. जुन्या मोडीस यंत्राला एक किलोमीटरचा चौकोन दिसतो, नव्या व्हिअर्सला ३७५ मीटरचा. पण उपग्रह वरून जाण्याच्या मधल्या वेळात लागलेली आग त्याला तेव्हा दिसत नाही आणि तुमच्या डोळ्याला दिसते. धूर दिसला की १९२६ लावा, वनविभागाची हेल्पलाइन आहे, पैसे लागत नाहीत. तुमची ढोरं जंगलात चरत असतील, सरपण येत असेल, तर विझवायला मदत करणं कायद्यानं तुमचंही काम आहे.

गव्हाच्या वावरावरून तार गेली, लय लोंबली आहे. वारा आला की दोन तारा एकमेकीला लागून चिंगाऱ्या पडतात. — मूर्तिजापूर

उन्हानं तार तापून लांबते म्हणून उन्हाळ्यात ती जास्त लोंबते. स्वतः काठीनं, बांबूनं काही करायला जाऊ नका. लाईनमनला तोंडी सांगून थांबू नका, १९१२ वर तक्रार करून नंबर लिहून घ्या, तारेचा फोटो तारखेसकट ठेवा. तोवर तारेखालचा पट्टा आधी सोंगून घ्या, मळणी आणि गंजी तारेखाली नाही म्हणजे नाही, डीपीच्या भोवतीचं गवत खरडून टाका. ट्रॅक्टरच्या सायलेन्सरला पण जाळी आहे का पाहून घ्या.

आग अंगावर आली तर काय करावं? आमच्या गावची पोरं झाडाच्या फांद्या घेऊन विझवायला पळतात, मागच्या साली एक पोरगा चक्कर येऊन पडला. — सरपंच, धारणी तालुका

पोरं पळतात याचं कौतुकच आहे, पण त्यांना हे आधी बसवून सांगा, आगीच्या दिवशी कोणी ऐकत नाही.

वाऱ्याच्या तोंडावर, म्हणजे आग जिकडं चालली तिकडून विझवायला उभं राहायचं नाही. मागून, जिथून ती पुढं गेली तिथून, बाजूबाजूनं मारत जायचं. आगीच्या वरच्या अंगाला डोंगरावर कधीच चढायचं नाही, मेळघाटात तर मुळीच नाही, नाल्याच्या अरुंद घळीत शिरायचं नाही, ती चुलीच्या नळीसारखी ओढते. फांदी आपटायची नाही, आपटली की चिंगाऱ्या उडतात, दाबून ओढायची. सुती पूर्ण बाह्यांचा कपडा, ओला दुपट्टा तोंडाला, पायात बूट. नायलॉनचं टीशर्ट वितळून कातडीला चिकटतं. घेरलं गेलं तर जळून काळी झालेली जागा सगळ्यात सुरक्षित, तिच्यात जा, नाहीतर नांगरलेल्या वावरात. एप्रिल-मे मध्ये दुपारी आभाळ आलं, गडगडलं, तर मागं सरका, पाऊस पडो न पडो, आधी वावधान सुटतं आणि वारा एका मिनिटात दिशा बदलतो, जी बाजू आतापर्यंत शांत जळत होती तीच तोंडावर येते. गोठ्याकडं आग येत असेल तर सामान सोडा, आधी ढोरांचे दावे कापा, म्हणून गोठ्याच्या खांबाला एक विळा कायम अडकवून ठेवा.

जो पोरगा पडला त्याला ऊन लागलं असणार, आगीची धग आणि वरून ४४ चं ऊन. अंग तापलेलं, बोलणं असंबद्ध, नाहीतर शुद्ध नाही, असं दिसलं की १०८ लावा आणि गाडी यायची वाट न पाहता सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगभर पाणी ओता आणि वारा घाला. अंग थंड करणं हेच औषध आहे, तापाची गोळी यात काम करत नाही. शुद्धीत असेल तर ओआरएस, ताक, पन्हं घोट घोट द्या, शुद्ध नसेल तर तोंडात पाण्याचा थेंबही नको, श्वासात जातं. भाजलं असेल तर वीस मिनिटं साधं वाहतं पाणी, टूथपेस्ट नाही, शाई नाही.

आर्वीच्या भाऊंचा राहिलेला प्रश्न, शेजाऱ्याला सांगू का नको.

सांगा भाऊ. आमच्या मोठ्या बाबांनी सांगितलं नव्हतं. मी पाहिलं होतं, मी घरी बोलले, तर मला गप्प बसवलं. शेजारच्या काकांना कोणीतरी पटवून दिलं की बिडी पडली असेल, त्यांनी त्यांच्या गड्यावर आळ घेतला आणि तो गडी काम सोडून गेला, चांगला माणूस होता. सात-आठ वर्षांनी मोठ्या बाबांनी मरणाच्या आधी ते सांगितलं, पण तो गडी तेव्हा कुठं होता कोणालाच माहीत नव्हतं. तुमच्या पत्रात पण एक वाक्य आहे, ‘लोक त्याच्या सालदारावर संशय घेऊन राहिले’, ते वाचून माझ्या पोटात खड्डा पडला.

आजच जा, उद्या नाही. तलाठ्याकडून पंचनामा झाला नसेल तर त्यांच्यासोबत तुम्हीच जाऊन करून घ्या, फोटो काढा, कुटार किती होतं ते खरं खरं लिहू द्या. ते रागावतील, बोलतील, ऐकून घ्या. पण त्यांच्या बैलांना आज संध्याकाळी काय घालायचं हा प्रश्न आधी आहे, हिरवं यायला जून संपतो. तुमच्या गंजीतून एक बंडी भरून कुटार घेऊन जा, आणि सालदार तिथं असेल तर त्याच्या समोरच सांगा.